सातवी सुई

"आरं भागवत! तू हितं काय करून राहिला?"

हाक कानावर पडली आणि भागवतरावांच्या हातून एका दमात चार गोष्टी झाल्या, चारही चुकीच्या. दोरा हिसक्यानं तुटला, सुई तळव्याखाली गादीत दाबली गेली, टोचू नये म्हणून बोटात घातलेलं अंगुस्तान सदऱ्याच्या खिशात पडलं, आणि अठ्ठावन्न वर्षांचा हा माणूस मांडी मोडून असा उठला की जणू कधी बसलाच नव्हता. गुडघ्यांवरचा कापूस झटकत त्यांनी चपला शोधल्या, त्या वेळेवर सापडतात होय! मग अनवाणीच गिऱ्हाइकांच्या स्टुलावर जाऊन टेकले आणि हसले. हे हसू त्यांच्या ओळखीचं होतं. ऑफिसात साहेब अचानक टेबलाशी आला की चौतीस वर्षं त्यांनी हेच हसू वापरलं होतं. लातूरच्या गंजगोलाईमागच्या या गल्लीत, नासिरभाईंच्या गादीच्या दुकानात, आपल्या गावचं कुणीतरी एक दिवस डोकावणार हे भय त्यांनी पहिल्या दिवशीच बरोबर आणलं होतं. पण भय रोज खरं झालं नाही की माणूस निर्धास्त होतो. तीन महिने असेच गेले. आज ते भय दारात उभं होतं, पांढरा कडक सदरा, कपाळावर गंध, हातात कापडी पिशवी, आणि नाव शेषेराव.

"गादी भरायला टाकलीया," भागवतराव म्हणाले. "बसलो हुतो जरा."

शेषेराव म्हणजे सख्खा चुलतभाऊ, एका वर्षाच्या अंतरानं एकाच अंगणात वाढलेला. चाकूरजवळच्या गावात दोघांच्या जमिनीचा बांध एक. भागवतरावांनी आपला वाटा बटईनं लावला होता. शेषेराव स्वतः कसत होता, म्हणजे कसणारी माणसं वेगळी होती आणि हा बांधावर उभा राहून त्यांना ओरडत होता. लेकीचं लग्न माघात ठरलेलं, गाद्या करायच्या होत्या. "म्हणलं लातुरात चांगला गादीवाला कोण, तर समद्यांनी हेच दुकान सांगितलं. अन् तू आधीच हितं! बरं झालं. तुमच्या त्या कारखानदाराकडं सुट्टी हाय वाटतं आज?" भागवतरावांनी मान हलवली. रिटायर झाल्यावर भागवत कुण्या कारखानदाराकडं सल्लागार म्हणून जातो, असं गावात ठाऊक होतं. हा शब्द त्यांच्या बायकोनं, शिवकन्याबाईंनी, शोधून काढलेला. "सल्लागार म्हणा," त्या म्हणाल्या होत्या, "सल्लागार काय करतो ते कुणी इचारत न्हाई. पण पिंजाऱ्याच्या दुकानात खाली बसून सुई चालवता असं कानावर गेलं ना, तर माझ्या माहेरी लोह्यापस्तोर बोभाटा हुईल." बाई वाईट नव्हत्या. डबा रोज त्याच भरून देत होत्या.

समोरच्या बाजूला नासिरभाई मोठ्या गादीला टाके घालत बसले होते. साठी ओलांडलेला माणूस, दाढीत कापूस अडकलेला, दाढी कुठली आणि कापूस कुठला हे सांगणं मुश्कील. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मान वर न करता ते म्हणाले, "साहेब आपलं जुनं गिऱ्हाईक हाय. बसा तुमी, चाय सांगतो." त्या एका वाक्यानं भागवतरावांची अब्रू झाकली गेली. ज्याला आपण आत्ता नाकारलं, तोच आपल्यावर पांघरूण घालतोय, आणि घालताना हातातला टाकासुद्धा वाकडा जात नाही! शेषेराव ऐसपैस मांडी ठोकून बसला आणि बसल्या बसल्या त्यानं नेमकी ती गादी ओढली. पाळण्यातली छोटी गादी, पिवळ्या फुलांची खोळ, चार-पाच टाके तेवढे राहिलेले. "बाळाची दिसती," म्हणत त्यानं तिला बैलाच्या पाठीवर मारावी तशी थाप मारली, मग दुमडली, दाबली, उलटी केली आणि शेवटी कोपराखाली घेऊन तिच्यावर रेलला. भागवतराव बघत होते. प्रत्येक थापेबरोबर सुई आणखी आत सरकत होती. "हळू, त्यात सुई हाय," एवढंच म्हणायचं होतं, पण ते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, तुला रे कसं माहीत?

"बरं हाय बाबा ह्यांचं," शेषेराव चहाचा कप हातात घेत म्हणाला. नासिरभाई चार हातांवर होते, पण शेषेरावाला त्याचं काही नव्हतं. "ऊन न्हाई, वारा न्हाई. सावलीला बसून टाके घालायचे. ह्याला काय काम म्हणायचं व्हय?"

"हाव ना," भागवतराव म्हणाले, आणि हसले.

हसले! खोटं बोलले ते एक वेळ चाललं असतं, पण ते हसले, आणि त्या हसण्याचा आवाज त्यांना ओळखू आला. तो आवाज त्यांच्या वडलांचा होता. दिवाळी सरली की गावात पिंजारी यायचा, खांद्यावर माणसाएवढी कमान घेऊन, आणि त्याला बसायला जागा मिळायची ती गोठ्यात. कमानीच्या तातीवर ठोका पडला की तुंग तुंग असा आवाज गोठा भरून टाकायचा, दगडासारखा झालेला कापूस ढगासारखा फुलून वर यायचा, आणि आठ वर्षांचा भागवत शेणाच्या वासात, म्हशीच्या शेपटीचे फटके खात तासन् तास ते बघत राहायचा. एकदा वडलांनी, सटवाजींनी, त्याला तिथून कान धरून उठवलं. "बसून केलेलं ते काम न्हवं, पोरा," असं म्हणून ते पिंजाऱ्याकडं बघून हसले होते, आणि तो बिचारा पिंजारीही हसला होता, दुसरं करणार काय. सटवाजी नांगरामागं चालून चालून वाकलेले, भाकरीसुद्धा उभ्यानं खाणारे. शेवटच्या आजारात खाटेवर बसून राहायची त्यांना लाज वाटायची, कुणी आलं की उगाच खराटा हातात घ्यायचे. पण मजा बघा, त्याच सटवाजींनी पोराला ऑफिसात चिकटवला आणि अख्ख्या गावात पेढे वाटले. चौतीस वर्षं पोरगा बसूनच राहिला की! खुर्चीत बसणं आणि जमिनीवर बसणं यात वडलांच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक होता, आणि भागवतरावांनी तो फरक कधी तपासला नाही. फाईल यायची, तिच्यावर शेरा मारायचा, ती पुढच्या टेबलावर जायची. कुठली फाईल कधी संपलेली त्यांनी पाहिली नाही. निरोपाच्या दिवशी शाल-श्रीफळ घेऊन जिना उतरताना त्यांच्या मनात आलं, आपण केलं काय? एक वस्तू दाखवता येईना. पुण्याची लेक पुनम तर घरात बसून कंपनीचं काम करते, सहा वाजले की लॅपटॉप मिटते आणि मिटला की संपलं, त्यानंतर साहेबाचा फोनसुद्धा उचलत नाही. "बाबा, काम म्हणजे काही आयुष्य नाही," असं ती त्यांना रिटायर झाल्यावर समजावत होती. गादीचं तिला तेवढं सांगितलेलं. ती खूश झाली, म्हणाली, "किती छान हॉबी आहे!" त्यांना ते झोंबलं होतं, का ते सांगता आलं नव्हतं.

हॉबी नव्हती ती. घरची जुनी गादी पिंजायला घेऊन ते पहिल्यांदा इथे आले, नासिरभाई नमाजाला गेले होते, आणि समोर अर्धी शिवलेली गादी सुईसकट पडलेली. काय मनात आलं कुणास ठाऊक, त्यांनी तीन टाके घातले. नासिरभाई परत आले, ते तिन्ही टाके बघितले, उसवले, आणि मग एक टाका मुद्दाम सावकाश घातला, समोरच्याला दिसेल इतका सावकाश. दुसऱ्या दिवशी भागवतराव डबा घेऊनच आले. त्या तीन महिन्यांत त्यांच्या बोटांना भोकं पडली, कंबर धरली, आणि नासिरभाईंनी "ठीक हाय" याच्यापलीकडं कौतुक केलं नाही. पण संध्याकाळी गादी पुरी व्हायची. पुरी! गिऱ्हाईक ती डोक्यावर घेऊन जायचं आणि भागवतराव गल्लीच्या टोकापर्यंत तिच्याकडं बघत राहायचे. नासिरभाई हे काम नांदेडच्या इतवाऱ्यात आपल्या मामूंकडं शिकले. मामूंचं एक सांगणं ते अधूनमधून बोलून दाखवायचे, "शेतातलं काम वाटसरूला दिसतं, गादीच्या आतलं काम कुणाला दिसत न्हाई. झोपणाऱ्यालाबी न्हाई. म्हणून आपणच बघायचं." मामूंचा रिवाज या दुकानात अजून चालत होता. भिंतीवर लाल कापडाची उशी, तिच्यात सात सुया. सकाळी सात, गादी दुकानाबाहेर जायच्या आधी सात. कमी पडली तर ज्याच्या हातून गेली त्यानं उभं राहायचं, दुकानात जो कोण असेल त्याच्यासमोर मोठ्यानं म्हणायचं, सुई माझी, आणि ती गादी त्यानंच उसवायची, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. चाळीस वर्षांत नासिरभाई दोनदा उभे राहिले होते, एकदा तर लग्नाच्या अख्ख्या वऱ्हाडापुढं. भागवतरावांना तेव्हा हा रिवाज ऐकून गंमत वाटली होती.

"झाली का गादी?" दारात गुंडप्पा उभा होता. निलंग्याकडचा, बोलण्यात कानडी हेल, घामाघूम झालेला. "उद्या बारसं हाय. अडीचची गाडी गाठायची मला." नासिरभाई उठले. शेषेरावाच्या कोपराखालची गादी त्यांनी अदबीनं काढून घेतली, आपल्या हातातली सुई भिंतीवरच्या उशीत खोचली, आणि सवयीनं नजर फिरवली. सहा. त्यांनी परत मोजल्या नाहीत. गादीचे न घातलेले टाके बघितले, लोंबणारा तुटका दोरा बघितला, आणि मग भागवतरावांकडं बघितलं. त्या बघण्यात राग असता तर सोपं झालं असतं. तिथं नुसतं वाट बघणं होतं. शेषेराव चहा फुंकत होता. एवढा एक कप संपेपर्यंत थांबलं, तो वाटेला लागला की मग सांगितलं, तर काय बिघडतं? गुंडप्पाला पाच मिनिटं बसवायचं, एवढंच. हिशेब अगदी सरळ होता, ऑफिसातला होता, कागद आज नाही तर उद्या पुढे सरकवायचा तसा. पण नासिरभाईंनी गादी खाली ठेवली, दोन्ही हात समोर जोडले आणि ते सरळ उभे राहिले.

"माफ करा गुंडप्पा. टाईम लागंल. सुई मा—"

"न्हाई!"

आपण ओरडलो हे भागवतरावांना उभं राहिल्यावर कळलं. स्टूल मागं कलंडलं होतं. या म्हाताऱ्यानं आपली सुई स्वतःच्या नावावर घ्यावी! अब्रू झाकली तोवर ठीक, पण हे त्यांच्यानं बघवेना. शेषेराव, गाव, लोह्याचा बोभाटा, सगळं एका बाजूला झालं.

"सुई माझी," ते म्हणाले, गल्लीतल्या समोरच्या भांड्यांच्या दुकानात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "माझ्या हातून गेली. ही गादी मीच शिवून राहिलो हुतो."

शेषेरावानं कप खाली ठेवला. "तू? शिवून?"

"तीन महिने झाले. रोज येतो. सल्लागार-बिल्लागार काय न्हाई बाबा, मी हितं काम शिकतो." आणि मग, कारण हेही बोलणं भाग होतं, ते नासिरभाईंकडं वळले. "अन् मघाशी मी हसलो. ते लई वाईट झालं, उस्ताद."

नासिरभाई मागं वळले. त्यांनी फळीवरून जुन्या कर्ण्यातलं लोहचुंबक काढून पुढं केलं. भागवतराव खाली बसले, गल्लीच्या उजेडात, उंबऱ्याला लागून, रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतील असे. खिशातलं अंगुस्तान बोटात चढवलं. चुंबक गादीच्या दोन्ही अंगांनी फिरवलं, काही लागलं नाही. चुंबक जुनं, त्याची ओढ कमी झालेली. मग कात्री घेतली आणि आपलेच टाके एकेक करून कापायला सुरुवात केली. सकाळपासूनचं काम होतं ते. पण गंमत अशी की कापताना त्यांना पहिल्यांदा दिसलं, टाके सरळ होते. एका रेषेत, एका लांबीचे. हे आपण घातलेत? गुंडप्पा डोक्यावर उभा राहून बोलत होता, आणि त्याचं बोलणं रास्त होतं. "अय्यय्यो, माझ्या नातवाच्या अंगाखाली गेली असती की हो! ध्यान कुठं असतंय तुमचं?"

"चूक माझीच हाय," भागवतराव म्हणाले. "गादी नगं म्हणलात तरी चालंल. पण सुई काढल्याबिगर मी उठत न्हाई."

"ऊठ भागवत," शेषेराव दबक्या आवाजात म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर घाम आला होता. "लोक बघून राहिलेत. त्यांच्याकडची माणसं काढतील की सुई."

"बघू दे लोकांना."

खोळ रिकामी झाली. चादरीवर कापसाचा ढीग पडला आणि भागवतरावांनी तो चिमटीचिमटीनं उलगडायला घेतला. घाईचं काम नव्हतं ते. प्रत्येक पुंजका बोटांत धरायचा, ताणायचा, उजेडाला धरायचा, बाजूला ठेवायचा. अडीच वाजून गेले. गुंडप्पानं एकदा बोळाच्या तोंडाकडं पाहिलं आणि मग तोही पायरीवर बसला. भागवतरावांच्या लक्षात आलं की आपल्याला लाज वाटत नाहीये. ती कुठं गेली हे शोधायलाही मन मोकळं नव्हतं, बोटं तेवढी जागी होती. कापसाचा स्पर्श इतका बारकाईनं त्यांनी कधी ऐकला नव्हता, हो, ऐकलाच, कारण त्या वेळी बोटांनाच कान फुटले होते. कपाळावरून घाम गळत होता, मांडीला मुंग्या आल्या होत्या, बसून! ढीग इकडून तिकडं झाला. सुई नव्हती. ते परत पहिल्या पुंजक्यापासून सुरू करणार, एवढ्यात नासिरभाई म्हणाले,

"भागवत, कोपरा उलटा कर. खोळीचा."

साहेब नाही, राव नाही. भागवत! तीन महिने हा माणूस त्यांना साहेब म्हणत होता, आणि साहेब म्हणणं म्हणजे स्टुलावर बसवणंच की. आता त्यांना खाली, आपल्या शेजारी बसवलं होतं. भागवतरावांचे डोळे भरले, त्यांनी ते दंडाला पुसले आणि खोळीचा कोपरा उलटा केला. दुहेरी शिवणीच्या आत, जिथं मघाशी शेषेरावाचं कोपर रुतलेलं होतं, तिथं बोटाला गारवा लागला. त्यांनी ती सावकाश ओढून काढली. बोटभर लांब, सरळ, लखलखीत. हातात धरून वर केली तेव्हा भांड्यांच्या दुकानातली दोन माणसंही माना लांब करून बघत होती.

गुंडप्पानं सुईकडं पाहिलं, मग भागवतरावांकडं. "बोललात म्हणून निघाली," तो म्हणाला. "शिवा. साडेचारची गाडी हाय, मी बसतो."

आणि मग भागवतरावांनी गादी शिवली. कापूस पुन्हा पसरला, काठीनं झोडून मऊ केला, खोळीत कोपऱ्यापासून भरला, हातानं चाचपून सारखा केला. दोरा ओवला. पहिल्याच टाक्याला कळलं की आज हात वेगळा चालतोय. आजवर प्रत्येक टाक्यामागं एक कान गल्लीकडं लागलेला असायचा, कोण आलं, कोण बघतंय. आज दोन्ही कान, दोन्ही डोळे आणि दहा बोटं त्यांची स्वतःची होती. सुई खाली जायची आणि नेमकी हवी तिथून वर यायची. बापाच्या घामाची त्यांना आठवण झाली, पुनमच्या मिटलेल्या लॅपटॉपचीही, आणि कुणावरच राग आला नाही. ज्यानं त्यानं आपल्यापुरतं कामाला नाव दिलेलं. आपल्याला आपलं सापडायला अठ्ठावन्न वर्षं लागली, लागू देत. शेवटची गाठ मारली, दोरा तोडला, सुई नेऊन उशीत खोचली आणि मोठ्यानं म्हणाले, "सात." नासिरभाईंनी गादीवर तळवा फिरवला, चारही बाजूंनी, आणि गुंडप्पाच्या हातात दिली. "ठीक हाय" एवढंही म्हणाले नाहीत. गुंडप्पानं ती गालाला लावून बघितली आणि छातीशी धरून चालू लागला.

शेषेराव अजून तिथंच होता. चहा कधीचा गार झालेला. "आता गावात काय सांगू म्या?" तो म्हणाला. चिडलेला होता, पण त्याहून जास्त गोंधळलेला.

"सांग, भागवत गाद्या शिवतो म्हणून."

"भावकीत लग्न हाय रे माझ्या घरी."

"म्हणूनच म्हणतो, सांग. आधीच सांगितलेलं बरं. तुला दुसरीकडं गाद्या टाकायच्या असतील तर टाक, मी रुसणार न्हाई."

शेषेराव पिशवी उचलून निघाला. भागवतरावांनी त्याला अडवलं नाही, मागून हाक मारली नाही. चादरीवर सांडलेला कापूस ते गोळा करत राहिले. गेला तर गेला, आपण आता उठणारे नव्हे. गल्लीच्या तोंडाशी, उसाच्या रसाच्या गाड्यापाशी शेषेराव थांबला. तिथं बराच वेळ उभा राहिला, पाठमोरा. मग वळला आणि तरातरा परत आला, पायरीशी चपला काढल्या, स्टूल पायानं बाजूला सारलं आणि चादरीवर भागवतरावांसमोर मांडी घालून बसला. नासिरभाईंकडं बघून त्यानं हात जोडले, जरासे ओशाळवाणे, पण जोडले. मग भावाकडं वळून घसा खाकरला.

"चार बाय सहाच्या दोन," तो म्हणाला. "पण एक सांगून ठेवतो भागवत, तूच शिवायच्या. दुसऱ्या कुणाच्या हातात दिलंस तर बघ."